खंदकावरचं भाषण

युद्धपटाच्या सेटवर दिग्दर्शक कारखानीसांचा तोरा असा, की तोफेनंही त्यांना विचारूनच उडावं. सल्लागार म्हणून बोलावलेले निवृत्त सुभेदार रंगराव निकम म्हणाले, “साहेब, नायक खंदकावर उभा राहून एवढं लांब भाषण ठोकतो. तोवर शत्रू काय करतो?”

“तुम्हाला सिनेमातलं काय कळतं? ‘सगळं अस्सल’ असं लिहून सही करा!”

सुभेदारांनी कागदाकडे पाहिलं. पलटणीतल्या दोस्तांनी ती सही पाहिली, तर जन्मभराची टिंगल!

“करतो. आधी तुम्ही ते भाषण करून दाखवा.”

कारखानीस ऐटीत खंदकावर चढले. “माझ्या शूर...” म्हणताहेत तोच टोपीवर ढेकूळ फुटलं. मग दुसरं, तिसरं.

“कट! कट!”

सुभेदारांनी चौथं ढेकूळ उचललं. “‘कट’ म्हटल्यावर थांबणारा शत्रू मला कधी भेटला नाही, साहेब. भाषण चालू द्या!”