पाटावरची रिकामी जागा

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. साखर कारखान्यातली यंत्रे सांभाळण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेचा ध्यास घेतात, तसा त्यांनी जुन्या मोटारींच्या सेवेचा ध्यास घेतला. गाव त्यांना आप्पा म्हणे. दुकान नाही, पाटी नाही, कुणाकडून काही घेणे नाही. अमक्याच्या गोदामात आजोबांच्या वेळची मोटार कुजत पडली आहे असे कानावर आले, की आप्पा तिथे जाऊन उभे राहत आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चौकशी करावी तशी तिची चौकशी करत. आमचे घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. भिंतीपलीकडचे बरेचसे मला दिसते, आणि जे दिसत नाही ते विचारून घ्यायला मी लाजत नाही. त्यामुळे ही हकीकत जशी घडली तशी सांगता येते.

आप्पांचा एक शिष्य होता. दिगंबर त्याचे नाव. दिवसा पतपेढीत नोकरी आणि संध्याकाळी आप्पांच्या शेडमध्ये हात काळे करणे, असा त्याचा नेम. शेडच्या भिंतीवर एक लांबरुंद फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती तांबड्या रंगाने भरून काढलेली होती. पाना आपल्या जागी टांगला की खालचा तांबडा रंग झाकला जाई. आप्पांचा नियम एकच. दिवा मालवण्याआधी फळीवर तांबडे दिसता कामा नये.

त्या वर्षी गुळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची मोटार शेडमध्ये आली. स्वातंत्र्याच्या आधीची, काळी, मडगार्डांवर सुटे दिवे असलेली. गोदामात तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. व्यापाऱ्याचे वडील, अण्णा, फार थकले होते. लहानपणी ते याच मोटारीतून दसऱ्याला घाट उतरून कोकणातल्या कुलदैवताला जात. पुन्हा एकदा तसे जावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आप्पा आणि दिगंबर पावसाळाभर तिच्यामागे लागले. इंजिन आप्पांनी पाहिले. स्टिअरिंग जोडायची वेळ आली तेव्हा मात्र मुलीच्या बाळंतपणासाठी आप्पांना गावाला जावे लागले. जाताना ते म्हणाले, "दिगू, हे तू एकट्यानं कर. येतं तुला."

दिगंबरने केले. मन लावून केले. त्या कामासाठी एक विशिष्ट पाना लागे. अडचणीतल्या नटापर्यंत पोचावा म्हणून आप्पांनी त्याचा एक जबडा घासून किंचित पातळ केलेला होता. काम संपले, झाकणे बसली, आणि दिवा मालवताना दिगंबरला फळीवर तांबडे दिसले. तो पाना जागेवर नव्हता.

त्याने शेड पालथी घातली. अंगण झाडले. माझ्याकडेही येऊन गेला, "वहिनी, पोरांनी खेळायला नेला नाही ना?" सगळीकडे शोधले, एक ठिकाण सोडून. जे काम आपण उत्तम केले अशी माणसाची खात्री असते, तिथे तो शोधत नाही.

आप्पा येण्याचा दिवस जवळ आला. पहिलेच काम एकट्यावर टाकले आणि हत्यार हरवून बसला, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? दिगंबर भंगारबाजारात गेला. त्याच मापाचा, तसाच जुना, तसाच तेलकट पाना त्याने धुंडाळून आणला आणि फळीवर टांगला. तांबडे झाकले गेले. दोन-चार दिवसांत हरवलेल्या पान्याचा त्यालाही विसर पडू लागला.

आप्पा आले. मोटार शाळेच्या मैदानात फिरवून पाहिली. लोण्यासारखी चालली. आप्पांनी दिगंबरच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप त्याला जरा जड गेली, इतकेच.

खंडेनवमी उजाडली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे पुजतात. पुजलेले हत्यार मग दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, हा रिवाज. व्यापाऱ्याचा बेत असा, की पूजा होताच निघायचे आणि संध्याकाळपर्यंत कोकण गाठायचे. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मागे अण्णा नवा फेटा बांधून बसलेले, शेजारी सूनबाई, पुढे चालवायला स्वतः शेठ. मी नैवेद्याचे ताट घेऊन गेले होते.

पाटावर लाल कापड घालून त्यावर सगळी हत्यारे ओळीने मांडलेली. आप्पा एकेक हत्यार हातात घेत, गंध लावत, हळदकुंकू वाहत आणि जागेवर ठेवत. निम्मी ओळ झाली असेल. एका पान्यावर त्यांचा अंगठा थबकला. त्यांनी तो पान्याच्या जबड्यावरून पुन्हा फिरवला, आणि पुन्हा एकदा. दिगंबर समोरच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. घासलेला जबडा डोळ्यांना दिसत नसला तरी घासणाऱ्याच्या बोटाला कळतो.

आप्पांनी तो पाना उचलला आणि शेडच्या पायरीखाली, चपलांपाशी नेऊन ठेवला. परत येऊन पाटावरच्या त्या रिकाम्या जागेला त्यांनी गंध लावले, हळदकुंकू वाहिले, आणि सगळ्यांत मोठे फूल तिथे ठेवून हात जोडले.

"आप्पा," शेठ हसले, "तिथं तर काहीच नाही!"

"म्हणूनच," आप्पा म्हणाले.

सूनबाई काच खाली करून माझ्या कानाशी पुटपुटल्या, "वय झालं हो बिचाऱ्यांचं." मीही मान डोलावली.

मग आप्पांनी बॉनेट उघडायला लावले. इंजिनाला कुंकू लावायला वाकले ते बराच वेळ वर येईनात. शेठ घड्याळ पाहू लागले. शेवटी आप्पांनी बॉनेट बंद केले आणि नारळ दिगंबरच्या हातात दिला.

"गाडी तुझ्या हातची. हिचं सगळं जिथल्या तिथं आहे असं तुझं मन सांगत असेल तर फोड, आणि यांना निघू दे."

दिगंबर नारळ घेऊन पुढच्या चाकापाशी उभा राहिला. तसाच उभा राहिला. पाना कुठे असू शकतो हे त्याला त्या क्षणी, इतक्या दिवसांत प्रथमच, लख्ख दिसले असावे. बोलावे तर सगळ्या गावासमोर तोंड काळे होणार. न बोलावे तर पुढे घाट होता. आणि पाना तिथे नसेलही! मैदानात गाडी नीट चालली होती की. माणसाचे मन अशा वेळी किती वकिली करते!

"अरे फोड की!" शेठ ओरडले. "नारळ आहे तो, सुतळी बॉम्ब नाही. अण्णांना ऊन लागतंय."

दिगंबरने हात वर नेला. तेवढ्यात अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले, "जोरात फोड हं बाळा. आमचे वडील एका फटक्यात फोडायचे."

वर गेलेला हात वरच राहिला. मग तो सावकाश खाली आला. दिगंबरने नारळ जमिनीवर ठेवला.

"शेठ, उतरा. सगळ्यांनी उतरा."

"काय झालं?"

"माझ्या हातून पाना हरवलाय. स्टिअरिंग जोडताना. त्याच्या जागी मी दुसरा आणून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. तो आत राहिला असेल."

शेठचा चेहरा पाहवत नव्हता. "असेल म्हणजे? माझ्या बापाला घेऊन मी घाट उतरणार होतो, आणि तू आत्ता सांगतोस, असेल?"

अण्णांना हाताला धरून उतरवले. दिगंबर पाटावरच्या हत्यारांकडे वळला, तशा सूनबाई म्हणाल्या, "पुजलेलं हत्यार आज उचलायचं नसतं."

"नको उचलू," आप्पा म्हणाले. "आत हात घालायला कुठं मनाई आहे? टॉर्च घे आणि खाली जा."

दिगंबर गाडीखाली सरकला. त्याचे फक्त पाय दिसत होते. माझ्या हातातले ताट कधीचे कलंडले होते, तेही मला नंतर कळले. मग खालून आवाज आला, "आहे."

"कुठं?"

"चॅसीच्या पट्टीवर. आडवा पडलाय. स्टिअरिंगच्या दांड्याच्या मागं."

"काढू नकोस. गाडी उतरणीला लागली की तो जाईल तसा बोटानं पुढं सरकव आणि हात बाहेर घे. शेठ, स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवा."

शेठने बाहेरूनच हात घालून चाक फिरवले. चाक थोडे वळले, आणि आतून टक् असा बारीकसा आवाज झाला. शेठने जोर लावला, दोन्ही हातांनी लावला. चाक हलेना. घाटातले पहिले वळण उजवीकडचे होते आणि त्याच्या पलीकडे दरी होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

शेठ आप्पांकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं. पूजेतच कळलं होतं! आणि तरी त्याच्या हातात नारळ दिलात? त्यानं फोडला असता म्हणजे?"

आप्पांनी मूठ उघडली. तळहातावर एक लहानसा काळा तुकडा होता. "हा डिस्ट्रिब्युटरमधला रोटर. कुंकू लावताना काढून घेतला. हा नसला तर तुमची गाडी सुरूच व्हायची नाही. तुमच्या माणसांवर मी जुगार खेळेन होय?"

दिगंबर गाडीखालून बाहेर आला होता. अंगभर धूळ, डोळे लाल. त्याच्या हातात तो घासलेल्या जबड्याचा पाना होता. "मग तुम्हीच का नाही बोललात आप्पा? मला असं सगळ्यांसमोर उभं केलंत."

आप्पा पायरीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "पाना हरवला, त्याचं मला काही नाही. हात चालतात तिथं हत्यारं हरवतातच. फळीवर तांबडं दिसत राहिलं असतं तर तुला चैन पडली नसती. आल्या दिवशी मीही विचारलं असतं, आणि दोघंही गाडीखाली शिरलो असतो. रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हा तिचा उपकार आहे. तू ती भरून टाकलीस, आणि शोध तिथंच संपला. म्हणून आज मी तिची पूजा केली. आता मी का बोललो नाही, ते. मी बोललो असतो तर आजचा पाना निघाला असता. पण उद्याच्या गाडीला माझा अंगठा कुठून आणशील? ती घाटात असेल तेव्हा मी तिथं नसेन, तू असशील."

दिगंबरने मान खाली घातली. मग तो पुन्हा गाडीखाली गेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक कोपरा हाताने चाचपून आला. मुहूर्त टळून गेला, पण त्याला घाई करायचे धाडस कुणाला झाले नाही.

शेठ मात्र अजून धुमसत होते. "आता मी जीपनं नेतो अण्णांना. ह्याच्या हातच्या गाडीत माझं माणूस बसणार नाही."

अण्णा काठी टेकत पुढे आले. "मी बसणार," ते म्हणाले. "आणि तू चालवायची नाहीस. हा चालवेल."

"अण्णा! ज्यानं एवढी लपवाछपवी केली..."

"त्यानंच. तू चालवलीस तर सगळं ठीक आहे असं धरून चालवशील. हा आता प्रत्येक वळणाला कान देईल. चल रे बाळा, धर चाक."

आप्पांनी रोटर जागेवर बसवला. दिगंबर बिचकत चाकामागे बसला. शेठ कुरकुरत त्याच्या शेजारी बसले. मोटार फाटकातून बाहेर पडली, आणि आम्ही पायरीवर उभे राहून पाहत राहिलो. आमच्या इथून घाटाचा रस्ता पहिल्या वळणापर्यंत स्वच्छ दिसतो.

वळण हाकेच्या अंतरावर आले आणि मोटार थांबली. दार उघडले. दिगंबर खाली उतरला, रस्त्यावर पालथा झाला आणि गाडीखाली वाकून पाहू लागला.

मी आप्पांकडे वळले. "अगं बाई! बिघडली वाटतं."

"नाही," आप्पा म्हणाले. "शिकला."