दुसऱ्या कडव्यातलं मांजर

बरोबर सव्वातीनला मालननं सीडी लावली आणि विचारलं, "आता सांगा अक्का, कसा वाटतोय आवाज?"

अक्का, म्हणजे शेवंताबाई वडूजकर, डोळे मिटून ऐकत होत्या.

लावणीत एकेकाळी त्यांचं नाव होतं. त्यांच्या पहिल्या चार तबकड्या कंपनीनं आवाज साफ करून, सीडीवर, रंगीत डब्यात घालून नव्यानं काढल्या होत्या. ते काम त्यांच्या शिष्येनं, मालननं करवून घेतलं होतं; डब्यावर बारीक अक्षरात तिचंही नाव होतं. आता तिला अक्कांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, चांगलं केलंस.

गाणं चालू होतं. अक्कांचा डावा गुडघा हळूहळू हलत होता.

बाहेर झोळीत मालनची तान्ही रडायला लागली.

"तुझी रडतीय गं."

"रडू दे. आधी हे ऐका. कसं काचेसारखं लख्ख झालंय."

दुसरं कडवं आलं. अक्कांनी कान पुढं केला... गुडघा थांबला.

"परत लाव."

परत लावलं. परत त्याच जागी गुडघा थांबला.

"इथलं कुठं गेलं?"

मालन हसली. "ते होय. मागं मांजर ओरडत होतं. मशीनवाला राहू दे म्हणत होता, मीच शेजारी बसून काढायला लावलं."

"मांजर नव्हतं. माझी इंदू होती. एकच माईक, एका दमात गायचं, चुकलं की सगळं पहिल्यापासनं. खाली ठेवली की आकांत करायची. मग घेतली मांडीवर, अन् पाजत पाजत गायले."

अक्कांच्या घरी मालननं कधी लेक बघितली नव्हती.

"मग... आता कुठं असतात त्या?"

"तो पावसाळा काढला नाही तिनं. पण होती की. इथंच होती, दुसऱ्या कडव्यापाशी."

"जुनी तबकडी..."

"तूच नेलीस."

नेली होती. सगळीकडं धुंडाळून ह्या गाण्याची ती एकच धड सापडली होती, अक्कांच्याच ट्रंकेत. काम झाल्यावर कंपनीनं विचारलंही होतं, परत नेताय का. नवी आली, आता जुनी काय करायची, टाका मोडीत, असं मालनच म्हणाली होती.

बाहेर रडून रडून पोरीचा आवाज बारीक झाला होता. मालनला उठवेना.

अक्का उठल्या. झोळीतून पोर काढून त्यांनी मालनच्या मांडीवर ठेवली. मग सीडी काढली, डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"कंपनीला निरोप दे. अजून एक आवाज राहिलाय ह्यात, माझा. तोही काढा म्हणावं."