दोराला हात

"...मग प्रार्थना करायची तरी कशाला?"

विश्वंभरने प्रश्न टाकला आणि हात जोडून बसला. हात जोडलेले होते, मान मात्र ताठ होती.

समोर धाकूबाबा सुपारी कातरत होते.

प्रश्न नवा नव्हता. इथे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत विश्वंभरचा तो नाना परींनी मांडून झाला होता. देवानं सगळं आधीच ठरवलं असेल, तर मागणं फुकट. ठरवलं नसेल आणि आपल्या मागण्यानं तो बदलत असेल, तर तो देव कसला? अर्ज आला की शेरा फिरवणारा तो मामलेदारच झाला. बरं, काही न मागता पडून राहावं, तर 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणून लोक हसणार. तिन्ही वाटा बंद. विश्वंभर थांबला आणि बाबांकडे पाहू लागला.

वाईला सहा वर्षं न्यायशास्त्र घोकून त्यानं भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. शेवटी त्याचे गुरुजीच कंटाळून म्हणाले, डोकं तयार झालं, आता खाली कोकणात खाजणवाडीला जा, तिथे धाकूबाबा म्हणून आहेत.

हा गेला. व्याघ्रचर्म, जटा असलं काहीतरी त्याच्या मनात होतं. प्रत्यक्षात निघाली समुद्रावरच्या टेकाडावरची एक कुडाची मठी. आत एक वाळका म्हातारा, पन्नाशीपर्यंत मासेमारी केलेला. सही करायची तर जीभ बाहेर काढून करायचा.

रोज संध्याकाळी बाबा दिवा लावून प्रार्थनेला बसत. विश्वंभर तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसे. पटत नाही ते करायचं नाही, असा त्याचा बाणा. गावातल्या बायकांना वाटे, भटजींचं पोट बिघडलेलं असतं.

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बरोबर हा तुझा," ते म्हणाले.

समोरच्यानं वाद घातला तर त्याला उत्तर देता येतं. समोरचा हो म्हणाला की काय करायचं, हे वाईला कुणी शिकवलं नव्हतं.

"मग... ताईला काय लिहू?"

हे त्याच्या तोंडून निसटलं. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

मग सगळंच बाहेर आलं. आठ दिवसांपूर्वी मिरजेहून बहिणीचं पत्र आलं होतं. वत्सूताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तिला आता नववा महिना होता. आधीची दोन मुलं जन्मत:च गेली होती. पत्रात तिनं एवढंच लिहिलं होतं, की डॉक्टर बरं म्हणतात, पण मला भीती वाटते. तू माझ्यासाठी देवाला काही म्हणशील का? तुला पटत असेल तरच म्हण.

आठ दिवस पत्र त्याच्या कनवटीला होतं. घामानं शाई पसरली होती.

"हो म्हणालो, तर खोटं. नाही म्हणालो, तर... तिला तसं कसं लिहू?"

त्याचा हात कनवटीच्या पत्राकडे गेला.

"मागच्या खेपेला मी प्रार्थना केली होती, बाबा. दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. एका पायावर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. काय झालं?"

खरं सांगायचं तर त्याची भीती आधीची होती आणि तीन वाटांचा तर्क नंतरचा. हे त्याला ठाऊक होतं. आज ते पहिल्यांदा कुणासमोर उघडं पडलं, आणि त्याला रडूही आलं आणि रागही आला.

तेवढ्यात खालून किनाऱ्यावरून आरोळी आली. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. रापण लागली."

* * *

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच ठेवतात. होडी उरलेलं जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग अर्धा गाव एका दोराला, अर्धा दुसऱ्याला. दोनअडीच तास ओढायचं, तेव्हा कुठे जाळं वाळूवर येतं.

दोन्ही दोर धरून झाले होते. उन्हं कोवळी होती आणि वाऱ्याला खारट वास होता. बाबा थेट जाऊन अलीकडच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी दोर धरला. त्यांच्या पुढे भागीआजी होती, नव्वदीला आलेली. तिनं दोन बोटं दोरावर ठेवली होती, तुळशीच्या पानावर ठेवावीत तशी.

विश्वंभर बाजूला उभा राहून बघत होता. न राहवून तो बाबांच्या कानाशी गेला.

"जाळं पडलं. आत आलं ते आलं. आता ओढून त्यात एक मासा तरी वाढणार आहे का?"

"नाय."

"आणि चाळीस माणसं ओढताहेत. ही आजी नसती, तर जाळं यायचं राहिलं असतं?"

"खयचा रवता! येतलाच," बाबा मजेत म्हणाले.

"तरी तिला वाटा मिळणार?"

उत्तर भागीआजीनं दिलं. तिचे कान शाबूत होते.

"जेना दोराक हात लायल्यान, तेका वाटो. हीच आमची रीत." मग तिनं मान वळवून त्याला पायापासून शेंडीपर्यंत न्याहाळलं. "तुमी उभे कित्या भटजीनू? धरा."

रांगेत हशा पिकला. एवढ्या लोकांत नाही म्हणायचं तरी कसं? विश्वंभरने उपरणं कमरेला बांधलं आणि बाबांच्या मागे दोर धरला.

धरला तो ओढायलाच लागला. अंगात वाईची तालीम होती. म्हटलं, या मच्छीमारांना दाखवून द्यावं. त्यानं दोन जबरदस्त हिसके दिले. तिसऱ्याला समोरून लाट मागे फिरली, दोर सर्रकन पुढे गेला, आणि शास्त्रीबुवा वाळूत आडवे झाले.

आता तर दुसऱ्या दोरावरची माणसंही हसायला लागली. बुधाजी तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, स्वत: धावत आला आणि त्यानं त्याला उठवलं. बुधाजी हसत नव्हता. ही शिकवायची गोष्ट होती, हसायची नव्हती.

"भटजीनू, लाट येता तेवा वडायचा. लाट जाता तेवा नुसता धरून ऱ्हवायचा. जातल्या लाटेवांगडा झगडलात, तर हात सोलपाटतले, आणि जाळा थयच ऱ्हवतला."

विश्वंभरचे तळवे सोलपटलेच होते. त्यानं पुन्हा दोर धरला.

लाट आली. चाळीस माणसं एकदम मागे रेलली, आणि दोर असा सरकत आला की जणू कुणी पलीकडून ढकलतंय. लाट गेली. सगळे नुसते उभे. हाताला ओढ जाणवत होती, पण कुणी झगडत नव्हतं. पुन्हा लाट आली.

चारपाच लाटांनंतर त्याला गंमत वाटायला लागली. आपण ओढतोय की समुद्र आणून देतोय, हे त्याला कळेना. वाईचा विश्वंभर असता तर त्यानं तिथेच बसून निकाल लावला असता. इथे बसायला फुरसत नव्हती.

भागीआजीशी तो बोलूही लागला. काल काय आलं होतं, त्यानं विचारलं.

"काल? शेवाळ इला."

नुसतं शेवाळ? अडीच तास ओढून?

"होय. मगे तांडेलाच्या घराकडे सगळ्यांनी बसान पेज खाल्ली. रापण रिकामी इली काय पेज. हात लायलेलो माणूस उपाशी जाता नये."

तिनं हे अगदी सहज सांगितलं. मागच्या वेळी ताईचं मूल गेलं, तेव्हा तो दार लावून एकटा बसला होता. मिरजेला गेलाच नव्हता. ताईला तोंड कसं दाखवायचं, म्हणून गेला नव्हता... हे त्याला आत्ता, दोर हातात असताना आठवलं.

जाळं जवळ आलं तसा दोर जड झाला. आता खाजणवाडीची आणखी एक रीत सुरू झाली. अखेरच्या टप्प्यात दोरावरच्या एकेकानं पाळीपाळीनं एक नाव घ्यायचं, आणि सगळ्या रांगेनं त्या नावावर ओढायचं. देवाचं असो, माणसाचं असो. ज्याला जे हवं ते.

पहिल्यानं ग्रामदेवीचं नाव घेतलं. चाळीस गळ्यांनी ते उचललं आणि दोर हातभर आला. दुसऱ्यानं बोटीवर गेलेल्या भावाचं घेतलं. एका बाईनं आपल्या आटलेल्या म्हशीचं घेतलं, आणि चाळीस माणसांनी हसत हसत, पण जीव लावून, म्हशीच्या नावावर ओढलं. भागीआजीनं नवऱ्याचं नाव घेतलं. तो जाऊन तीस वर्षं झाली होती. लाजली मात्र नव्या नवरीसारखी.

बाबांनी नाव घेतलं ते विश्वंभरचं.

आपलं नाव एवढ्या गळ्यांतून येताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

पाळी त्याची आली.

लाट येत होती. सगळी रांग त्याच्यासाठी थांबली होती. तीन वाटा, अर्ज, मामलेदार... एकही आठवेना. लाट फुटायला लागली आणि त्याच्या तोंडून निघालं,

"वत्सूताई!"

"वत्सूताई!"

ती कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. चाळीस परकी माणसं तिच्या नावावर मागे रेलली. भागीआजीची दोन बोटंसुद्धा रेलली. पलीकडच्या दोरावरच्यांना नाव नीट ऐकू गेलं नव्हतं, तरी तेही ओरडले. दोर आला, हातभर, मग आणखी हातभर, आणि विश्वंभर रडत होता आणि हसत होता आणि ओढत होता.

रापण भरून आली. बांगड्यांचा चांदीसारखा ढीग वाळूवर तडतडत होता, पोरीबाळी टोपल्या घेऊन धावल्या, आणि बुधाजीनं टोपी हवेत उडवली.

मग वाटे झाले. विश्वंभरच्या पुढ्यातही दहा बांगडे आले. तो गडबडला. म्हणाला, अहो, मी खात नाही. मी ब्राह्मण, आणि मी ओढलं तरी कितीसं? बुधाजीला हे काही समजेना. वाटा परत घ्यायची रीत नव्हती. खायचे नसतील तर कुणाला द्या, पण वाटा तुमचा.

म्हशीवाल्या बाईला तो वाटा देईपर्यंत गावातली तीन मांजरं शास्त्रीबुवांच्या मागे लागली होती.

* * *

गर्दी पांगली. बाबा उलट्या होडीला टेकून बसले होते. विश्वंभर येऊन वाळूत बसला. तळव्यांची आग होत होती, आणि त्याला इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

पण तर्कशास्त्री तो तर्कशास्त्रीच. जरा श्वास बसला, तशी जुनी खोड वर आली.

"बाबा, मी ताईचं नाव घेतलं, म्हणून मासे आले का?"

"नाय रे."

"म्हणजे घेतलं नसतं, तरी आले असते."

"इले असते."

विश्वंभरनं कनवटीचं पत्र काढलं. ते ओलं झालं होतं. त्यानं ते गुडघ्यावर पसरलं आणि हलक्या हातानं सपाट केलं.

"ताईचंही... जे व्हायचं ते ठरलेलं असेल."

"असतला."

"मी प्रार्थना केली नाही, तरी ते होईल."

"होतला."

लाट आली. लाट गेली. विश्वंभर पत्राकडे बघत होता.

"मग...?"

बाबांनी बाहीला चिकटलेला माशाचा खवला नखानं काढला आणि त्याच्याकडे पाहून हसले.

"होतला. पण तुझ्याशिवाय होतला."