नथूच्या उपरण्याच्या तीन गाठी

बोरवाडीत भोळी माणसं बरीच होती, पण त्यांना आपण भोळे आहोत हे ठाऊक होतं. नथूला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगायची.

नथूचं लग्न वैशाखात झालं. बायको शेवंती, कासारखेडच्या रंभाजीरावांची थोरली मुलगी. लग्न ठरवताना नथूच्या आईने सांगितलं होतं, "आमचा नथू इंग्रजी वाचतो." वाचत होता, यात खोटं काही नाही. फक्त त्याला कळत नव्हतं. ते कुणी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही.

गणपतीत शेवंती माहेरी गेली. बापाने खोदून विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा, ते सांगितलेलं सगळं ऐकतात." आबांना हे कौतुक वाटलं नाही. त्यांनी बोरवाडीला निरोप धाडला, "जावईबापूंनी दिवाळसणाला यावं. शहाणे दिसले तर पोरगी बरोबर पाठवतो. नाहीतर ती इथंच बरी आहे."

आई घाबरली. तिने नथूला केशव मास्तरांकडे धाडलं.

मास्तर म्हणाले, "नथू, इंग्रजी शब्द फसवे असतात. एकाचे चार-चार अर्थ. 'लाइट' म्हणजे दिवा, 'लाइट' म्हणजे हलकं, 'लाइट' म्हणजे फिकट. मग कळायचं कसं? आजूबाजूला काय आहे ते बघून."

"बरं," नथू म्हणाला आणि त्याने उपरण्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चिमाकाकूंनी हाक मारली. त्यांच्या मुलाने शहरातून खोकं पाठवलं होतं. "नथू, वाच रे बाबा, यात काय आहे?"

नथूने वाचलं. लाइट. त्याने आजूबाजूला बघितलं. काकू वाती वळत होत्या, पुढ्यात कापसाचा ढीग. "काकू, हे हलकं आहे."

"मग दे इकडे."

नथूने कापूस फेकावा तसं खोकं फेकलं. आतला दिवा फुटला. काकूंनी त्याला जे म्हटलं त्याला मात्र एकच अर्थ होता.

मास्तर म्हणाले, "मूर्खा, आजूबाजूला म्हणजे वाक्यात. काकूंच्या ओसरीत नव्हे! अर्थाची खात्री नसेल तर आधी जाणत्याला विचारावं, मग तोंड उघडावं."

"बरं," नथू म्हणाला. दुसरी गाठ.

चार दिवसांनी रस्ता मोजायला शहरातले साहेब आले. नथूच्या खळ्याजवळ येऊन ते अचानक ओरडायला लागले, "फायर! फायर!" नथूने पाहिलं, कडब्याची गंज पेटली होती. पण खात्री नको? तो तोंड मिटून गावाच्या त्या टोकाला मास्तरांकडे गेला. मास्तर जेवत होते. जेवणाऱ्या माणसाशी बोलू नये, म्हणून तो ओसरीत बसला. मास्तरांनी हात धुतल्यावर म्हणाला, "मास्तर, 'फायर'चे अर्थ किती?"

"एक आग. दुसरा गोळी झाडणं. तिसरा नोकरीवरून काढणं. का रे?"

"म्हणजे पहिलाच असणार," नथू म्हणाला. "गोळीचा आवाज नव्हता आला."

कडब्याची राख झाली. गावाने मान डोलावली, "पोरगा घाईने बोलत नाही हं." गावाला तरी कुठे इंग्रजी येत होतं!

मग नथूने सासऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मी गुड आहे, आई गुड आहे, म्हैस गुड आहे. मास्तरांनी ते फाडलं. "अरे, तोच शब्द किती वेळा? सारख्या अर्थाचे शब्द म्हणजे एका घरातल्या बहिणी. एकीचं नाव घेऊन झालं की पुढच्या वेळी दुसरीचं घ्यावं. शहाण्याच्या तोंडी तेच नाव दोनदा येत नाही."

"बरं," नथू म्हणाला. तिसरी गाठ. मास्तरांनी आपण काय बोलून बसलो याचा विचार केला नाही. शहाणी माणसंही कधी कधी आजूबाजूला बघत नाहीत.

दिवाळसणाला नथू कासारखेडला पोचला. अभ्यंगस्नान झालं, ओवाळणं झालं. बायका म्हणाल्या, "जावईबापू, नाव घ्या!" नथू पाठ करूनच आला होता.

"टेबलावर ठेवला कप, कपात ओतला टी,
शेवंतीचं नाव घेतो, इंग्रजी शिकलेला मी!"

आबांनी मिशीवर हात फिरवला. आतल्या खोलीत शेवंतीने ट्रंक भरली आणि कुलूप लावलं.

दुपारी पंगत बसली. जिलबीचा घास भरवायची वेळ आली. एक मावशी म्हणाली, "असा नाही हो घास मिळायचा! नाव घ्या परत."

परत? नथूने उपरण्याची तिसरी गाठ चाचपली. शेवंतीचं नाव तर सकाळीच झालं होतं. समोर धाकटी मेहुणी वाढत होती.

"स्टुलावर मांडला मग, मगात भरला चहा,
मालतीचं नाव घेतो, सगळे जण पाहा!"

सगळ्या जणांनी पाहिलं. मालतीच्या हातातून वरणाचं भांडं पडलं. शेवंतीने कुलूप काढलं.

"जावईबापू," आबा दातओठ खात म्हणाले, "जीभ घसरली असेल. नीट नाव घ्या."

नथूने बोटं मोजली. दोघी बहिणी संपल्या होत्या. त्याने पहिली गाठ चाचपली आणि आजूबाजूला बघितलं. दारात सासूबाई तूप घेऊन उभ्या होत्या.

"पाटावर टेकवली बशी, बशीत घेतलं पाणी,
द्वारकाबाई माझ्या घरची राणी!"

मावशीला ठसका लागला. सासूबाई तूप घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आबा पानावरून उठले. पण लेकीचा संसार होता. त्यांनी राग गिळला.

"हे बघा," ते म्हणाले, "झालं ते झालं. मला एका शब्दात सांगा. पोरगी पाठवू की नको?"

शेवंती दाराशी आली. ट्रंक अजून भरलेली होती. तिने नवऱ्याकडे बघून मान हलवली, 'पाठवा' म्हणा, एवढंच.

नथूने दुसरी गाठ चाचपली.

"मास्तरांना विचारून येतो," तो म्हणाला आणि उठून चपला घालू लागला.

शेवंतीने ट्रंकेतून पातळं काढली आणि एकेक करून दांडीवर टाकली.

उंबऱ्यात नथू थबकला. मागे वळला. आबांना वाटलं, सुचलं काहीतरी.

"आबा," नथू म्हणाला, "तिन्ही नावं तर घेऊन झाली. आता मास्तरांना कुणाचं नाव सांगू?"