डाळिंबाचा रस आणि दोन वैद्य

पूर्वी सोमावती नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मले होते आणि राजवैद्याच्या आसनावर बसत होते. राजाला एक जुने दुखणे होते. त्याचे रक्त उसळून डोक्याकडे धावे, कानशिले ठणकत, झोप उडे, आणि मग जो समोर येईल त्याच्यावर तो भडके. बोधिसत्त्व त्याला रोज सकाळी सर्पगंधेच्या मुळीचे चिमूटभर चूर्ण देत. त्याने राजाचे डोके शांत राही आणि दरबारातल्या मंडळींची डोकी धडावर राहत.

त्या दरबारात एक रीत होती. राजाच्या पोटात जे जायचे, ते देणाऱ्याने आधी त्याच भांड्यातून सर्वांसमोर स्वतः घ्यायचे. देणारा धडधाकट उभा राहिला की मगच राजा भांडे तोंडाला लावी. या रितीवर सगळ्यांचा फार विश्वास होता.

त्याच नगरात पिंगल नावाचा दुसरा वैद्य राहत असे. तो बोधिसत्त्वांचा धाकटा गुरुबंधू; त्यांना तो दादा म्हणे. दोघे एकाच गुरूकडे शिकले, दोघांनी एकाच रानात मुळ्या खणल्या. पिंगल हुशार होता, हाताला गुण होता, रोगीही पुष्कळ येत. पण रस्त्याने जाताना कोणी बोधिसत्त्वांना वाकून नमस्कार केला की पिंगलच्या पोटात दुखू लागे. दुसऱ्यांची पोटदुखी तो एका मात्रेत थांबवी, स्वतःच्या या पोटदुखीवर मात्र त्याच्याजवळ काही नव्हते. राजवैद्याचे ते आसन त्याला हवे होते. ते दादांना मिळाले आणि आपल्याला नाही, एवढीच गोष्ट तो सकाळ-संध्याकाळ उगाळत बसे.

एकदा उन्हाळ्यात राजाला ताप आला. ताप गेला, पण तोंडाची चव गेली. अन्न समोर आले की तो तोंड फिरवी. तेव्हा पिंगल डाळिंबाचा ताजा रस घेऊन दरबारात आला. त्यात त्याने किंचित सैंधव घातले होते. रितीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला आणि मग भांडे राजाला दिले. राजाला तो रस आवडला. थोड्याच दिवसांत त्याची तहान शमली, भूक परतली, गालांवर रंग चढला. त्यात खोटे काही नव्हते. डाळिंब तोंडाला रुची आणते, थकलेल्याला तरतरी देते, सुटलेले पोट बांधते. पिंगलने योग्य वेळी योग्य वस्तू दिली होती.

राजा खूश झाला. त्याने पिंगलला जवळ बसवले आणि बोधिसत्त्वांचे आसन खांबाजवळ सरकले. नगराला तर डाळिंबाचे वेडच लागले. ज्याच्या त्याच्या अंगणात साली वाळू लागल्या. ज्यांचे पोट आधीच घट्ट होते तेही रस पीत बसले आणि मग पोट धरून बोधिसत्त्वांच्या दारात येऊन बसले. एका धान्याच्या व्यापाऱ्याला प्रमेह होता, म्हणजे लघवीवाटे साखर जाई. त्याने साखर घालून घागरीच्या घागरी रिचवल्या, आणि त्याच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. बोधिसत्त्वांनी त्याला सांगितले, "शेटजी, मूठभर दाणे चावून खा, रस नको. आणि साखर तर मुळीच नको."

बोधिसत्त्वांची पत्नी सुलसा हे सगळे पाहत होती. तिची जीभ तिखट होती. ती म्हणाली, "अहो, एका फळानं तुम्हाला खांबाआड बसवलं! आणि तुम्ही मुकाट्यानं बसलात?"

 बोधिसत्त्व पाटावरून अर्धे जेवून उठले. खरे सांगायचे तर त्यांच्याही मनात आग होती. दरबारात 'वा पिंगल!' असा गजर झाला की त्यांच्या छातीत काहीतरी बोचे. दारात पोट फुगलेला रोगी आला की क्षणभर बरे वाटे, आणि लगेच त्या बरे वाटण्याची लाज वाटे. बोधिसत्त्व झाले तरी मन मनासारखेच वागते.

अशातच एका सकाळी चूर्ण देताना त्यांनी राजाची नाडी पाहिली. ती खोल आणि क्षीण लागली. राजा उठून उभा राहिला आणि त्याने पटकन आसनाचा हात धरला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बोधिसत्त्वांच्या ध्यानात आले. सर्पगंधा उसळलेले रक्त खाली आणते. डाळिंबाचा रसही, रोज भरपूर घेतला तर, थोडे तेच करतो. दोन्ही चांगली, पण दोन्ही मिळून राजाला गरजेपेक्षा खाली ओढत होती.

त्यांनी ते दरबारात सांगितले. पिंगल उभा राहिला.

"महाराज, मी रोज याच भांड्यातून आधी पितो. मला कधी चक्कर आली? दादांना माझा रस नाही, माझं नाव सोसत नाही."

दरबार हसला. राजाही हसला आणि म्हणाला, "वैद्यराज, तुम्ही जळता आहात."

पिंगल सर्पगंधा घेत नव्हता, तेव्हा त्याने रस पिऊन दाखवण्यात काहीच सिद्ध होत नव्हते. बोधिसत्त्वांनी हेही सांगितले, पण रितीवर सर्वांचा इतका भरवसा होता की कोणी ऐकले नाही.

घरी येऊन बोधिसत्त्व ओसरीवर बसले. त्यांनी स्वतःला विचारले, मी जळतो का? उत्तर आले, हो, जळतो. मग नाडी खोटी का? नाही, नाडीही खरी. त्यांनी विचार केला, 'माझ्या सल्ल्यात माझा लाभ आहे, म्हणून तो कोणाच्या गळी उतरत नाही. ज्यात माझा लाभ नाही असाच उपाय मला द्यायला हवा.' रस थांबत नसेल तर चूर्ण थांबवायचे.

ते दरबारात गेले आणि म्हणाले, "महाराज, पिंगलच्या रसानं आपली प्रकृती सुधारली आहे. माझ्या चूर्णाची गरज आता कमी झाली. मी मात्रा हळूहळू उतरवतो, रोज नाडी पाहतो, आणि मग बंद करतो. पिंगल उत्तम वैद्य आहे. माझं आसन त्याला द्यावं."

राजा चकित झाला. चूर्ण उतरत गेले तशी राजाची अंधारी गेली आणि डोकेही शांत राहिले. शेवटच्या दिवशी बोधिसत्त्वांनी पिंगलला बाजूला घेतले.

"एवढं लक्षात ठेव बाबा. महाराज रस पीत आहेत तोवर ही मुळी त्यांना देऊ नकोस."

मग ते आपल्या रोग्यांकडे परतले. सुलसाने त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली.

पिंगलला आसन मिळाले. आता तरी त्याची पोटदुखी थांबावी की नाही? पण हेवा असा आसन मिळाल्याने शांत होत नाही. तो विचार करू लागला, 'दादांनी हातातलं आसन सोडलं कसं? यात काहीतरी डाव आहे. चूर्ण बंद झालं की राजाचं डोकं पुन्हा तापणार, मग राजा दादांनाच बोलावणार. म्हणून मुळी देऊ नको म्हणतात!' तेव्हा त्याने गुपचूप सर्पगंधेचे चूर्ण रसात मिसळायला सुरुवात केली. म्हणजे दोन्हींचा गुण एकट्या त्याच्या नावावर. रितीप्रमाणे रोज एक घोट त्याच्याही पोटात जात होता. सकाळी उठताना भिंत गरगरे, राजालाही पुन्हा अंधारी येई, पण दरबारातल्या कामाचा शीण म्हणून त्याने दोन्हीकडे लक्ष दिले नाही.

पुढे वसंतोत्सव आला. राजा सर्वांसमोर रस घेणार होता. गुण सर्वांना उठून दिसावा म्हणून पिंगलने त्या दिवशी चूर्ण चांगले मूठभर घातले. एवढ्या लोकांसमोर घोट काय घ्यायचा, म्हणून त्याने पेला भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग तो उन्हात उभा राहून आपल्या रसाचे गुण सांगू लागला. लोक ऐकत होते, म्हणून तो सांगतच राहिला. राजाने पेला तोंडाला लावला, एकच घोट घेतला, आणि समोर पिंगल मुळातून उपटलेल्या झाडासारखा खाली आला.

राजाच्या हातून पेला सुटला. शिपायांनी पिंगलवर भाले रोखले. विष, विष, असा ओरडा झाला. कोणीतरी बोधिसत्त्वांना धावत घेऊन आले. त्यांनी आधी राजाची नाडी पाहिली. ती जरा मंद होती, पण भीतीचे कारण नव्हते. मग भाले बाजूला सारून ते पिंगलजवळ बसले. त्याला सावलीत आडवे निजवले, पाय उंच ठेवले, शुद्ध येताच मिठाची ऊन पेज थोडी थोडी पाजली. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ त्यांनी बोटाने चोळून पाहिला आणि सारे ओळखले.

राजा म्हणाला, "वैद्यराज, यात विष आहे एवढंच म्हणा. याचं मस्तक जाईल आणि तुमचं आसन तुम्हाला परत मिळेल."

पिंगल सगळे ऐकत होता. त्याला बोलवत नव्हते. त्याने डोळे मिटून घेतले, कारण दादांच्या जागी आपण असतो तर काय म्हणालो असतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, ज्याला विष द्यायचं असतं तो आधी स्वतः पेलाभर पीत नाही. यात डाळिंब आहे आणि माझीच मुळी आहे. दोन्ही औषधंच आहेत. ती एकत्र किती भारी पडतात हे याला कळलं नाही, आता कळलं. जे स्वतःच्या अंगावर शिकला ते हा कधी विसरणार नाही. असा वैद्य गमावू नका. आसन त्याच्याकडेच राहू द्या, मी रोज येऊन नाडी पाहीन."

 राजाने शिपायांना भाले खाली घ्यायला सांगितले.

माणसे पांगल्यावर पिंगल रडू लागला. म्हणाला, "दादा, मला तुमचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं."

"मलाही तुझा वाटत होता," बोधिसत्त्व म्हणाले. "तुझा रस महाराजांना मानवला, तेव्हा मला जेवण गेलं नाही."

पिंगलने डोळे विस्फारले. "तुम्हाला? मग त्यावर तुम्ही काय घेतलंत?"

"तुझी स्तुती केली. आधी नुसत्या तोंडानं केली. मन मागून आलं."

पुढे कित्येक जन्मांनंतर भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा एका भिक्षूला सांगितली. सोबत्याचे प्रवचन ऐकून लोक त्याच्या पात्रात आदराने भिक्षा वाढतात, हे त्याला पाहवत नव्हते आणि त्यामुळे त्याचे स्वतःचे अन्न अंगी लागत नव्हते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पिंगल तूच होतास. राजा सुबाहू आज तुझा तो सोबती झाला आहे. सुलसा आता भिक्षुणी आहे आणि अजूनही स्पष्टच बोलते. आणि तो थोरला वैद्य मी होतो." तो भिक्षू उठला, सोबत्यापाशी गेला आणि अडखळत म्हणाला की तुझे प्रवचन आज फार चांगले झाले.

दुसऱ्याचे भले पाहून आपले मन आनंदी होणे, या गुणाला मुदिता म्हणतात.