भरल्या वहाळात

“मग वसुधाला कसं सोडलंत?”

सुभेदार बर्गे काठावरच्या खडकावर बसून बुडत्याकडे फेकायचा ओला दोर पिशवीत भरत होते.

“माझ्यामागून आली ती शिकायला. अजून वल्हं नीट धरता येत नाही तिला. ती या पाण्यातून गेली, आणि मी काठावर बसायचं?”

हेरंबचा आवाज चढला होता. चढणारच. सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन गावी आले आणि कयाक ही चिंचोळी होडी वल्हवायला शिकवू लागले, तेव्हापासूनचा तो त्यांचा शिष्य. पाण्याखाली उलटलेली कयाक एका झटक्यात सरळ करावी ती त्यानेच. बाकीचे त्याचं बघून शिकत.

वहाळ फुगला होता. एरवी गुडघाभर पाण्याचा, दगडांवरून उड्या मारत जाणारा ओढा. आज तांबडं पाणी दोन्ही काठ खात निघालं होतं. खाली वळणापुढे एक ऐनाचं झाड आडवं पडलं होतं. फांद्यांमधून पाणी पार होत होतं, माणूस झाला नसता.

“तिनं विचारलं, झाडाच्या आधी बाहेर कुठं पडू,” सुभेदार म्हणाले. “तू काय विचारलंस?”

“मी कशाला विचारू? मला दिसतंय की!”

“मग आज नको.”

“का?”

सुभेदार दोर भरत राहिले.

“अहो, का ते सांगा ना! मघाशी सगळ्यांसमोरही नको म्हणालात. कारण तरी सांगाल की नाही?”

सुभेदारांनी पिशवीचं तोंड आवळलं.

हेरंबच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने हेल्मेटचा पट्टा ओढला आणि कयाक फरफटत पाण्याशी नेली.

“चाललो मी. अडवा बघू!”

त्यांनी अडवलं नाही. हाकसुद्धा मारली नाही. ते त्याला जास्तच झोंबलं.

पहिली उडी साफ गेली. दुसरी त्याहून साफ. प्रत्येक वल्हं तो कुणाला तरी हाणल्यासारखं हाणत होता. बघतोय ना म्हातारा? बघ म्हणावं! वळणाच्या तोंडाशी त्याने मान वळवून वर पाहिलं.

खडकावर कुणी नव्हतं.

बघायलासुद्धा थांबला नाही!

तेवढ्यात लाटेने कयाक आडवी घेतली. जग उलटं झालं. कयाक सरळ करायला त्याने कंबर झटकली, डोकं दगडावर आदळलं. पुन्हा झटकली… श्वास संपला. तो कयाकमधून सुटून वर आला, तर समोर झाडाच्या काळ्या फांद्या.

आणि छातीवर दोर पडला.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. पाण्याने त्याला झोका देऊन काठाशी आणून टाकलं. रिकामी कयाक फांद्यांत घुसली आणि कडकन मोडली.

हेरंब चिखलात पालथा पडून खोकत राहिला. नाकातून रक्त येत होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला सुभेदार होते, पाय दगडाला रोवून बसलेले. त्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती.

वरच्या खडकापासून इथवर यायचं तर तो निघाला त्याच क्षणी त्यांना निघावं लागलं असणार. हे ध्यानात आलं, आणि हेरंब पुन्हा पेटला.

“तुम्ही आधीच येऊन उभे होतात इथं!”

“हो.”

“म्हणजे माहीत होतं. मी इथंच उलटणार, हे माहीत होतं तुम्हाला!”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?” त्याने मूठभर चिखल उचलून पाण्यात भिरकावला. “एक शब्द सांगायला काय झालं होतं? मेलो असतो मी!”

सुभेदार तळवे झटकत उठले. दोर ओढून पुन्हा पिशवीत भरू लागले.

“सांगितलं असतं, तर तू दुसरीकडं उलटला असतास. आणि तिथं मी नसतो.”