सोपानच्या ट्रंपेटचा सुरक्षित व्यवहार

एका गावात एक भोळा ट्रंपेटवाला होता. त्याचं नाव सोपान. भोळेपणा भरपूर होता, फक्त ट्रंपेट नव्हता. आधी होता. पण मागच्या लग्नसराईत वऱ्हाडाच्या टेंपोत नवरीचा मामा त्याच्यावर बसला. मामा खात्यापित्या घरचा. ट्रंपेटची पार थाळी झाली. सोपाननं ती चारी बाजूंनी फुंकून पाहिली आणि मग घरी नेऊन भिंतीला टांगली.

सोपान वाजवायचा न्यू भैरवनाथ ब्रास बँडमध्ये. तिथले मास्तर हुसेनभाई. माणूस मऊ, पण बँडच्या बाबतीत कडक. त्यांनी सांगून टाकलं, भैरोबाच्या जत्रेपर्यंत ट्रंपेट आण, नाहीतर पालखीपुढे खुळखुळा वाजव. आता खुळखुळा म्हणजे काय, ते बँडवाल्यांना विचारा. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात तो देतात आणि त्याला सगळ्यांच्या मागे, जनरेटरच्या गाडीजवळ उभा करतात. त्यातून यंदा जत्रेला सोपानचे सासरे येणार होते. आमचा जावई ट्रंपेट वाजवतो, असं त्यांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. सोपानला घास गोड लागेना.

बायको कौसल्या मात्र चलाख. बचत गटाचे पापड ती फोनवरून पार मुंबईपर्यंत विकायची. तिनं दोन शेळ्या विकल्या, पैसे खात्यात टाकले आणि म्हणाली, फोनवर जुन्या वाद्यांचा लिलाव चालतो, तिथून घेऊ. बोली कशी लावायची तेही तिनं शिकवलं. कोणी आकडा बोललं, की आपण त्याच्यावर चढवायचा. मागे हटायचं नाही.

"बरं," सोपान म्हणाला.

लिलावाला अजून अवकाश होता. मधे बुधवारचा बाजार आला. कौसल्येनं सोपानला वांगी आणायला पाठवलं.

वांगेवाली म्हणाली, "चाळीस रुपये किलो."

सोपान म्हणाला, "पंचेचाळीस."

बाईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ती म्हणाली, "पन्नास."

"पंचावन्न."

असं करत करत दोघं शंभरावर गेली. तिथं बाईच थांबली, कारण तिलाच पापाची भीती वाटायला लागली. सोपान वांगी घेऊन घरी आला तो मान ताठ करून. कौसल्येला म्हणाला, बाई दमली, मी नाही दमलो. कौसल्येनं कपाळावर हात मारून घेतला. अहो, बाजारात भाव पाडायचा असतो, चढवायचा तो लिलावात, असं तिनं समजावलं.

"हे आधी सांगायचं ना," सोपान म्हणाला.

पुढं फोनवरचा लिलाव आला. खोटं कशाला सांगू, तो सोपाननं बरोबर जिंकला. शहाण्या माणसाला जमलं नसतं इतक्या चिकाटीनं जिंकला. तेवढ्यात विकणाऱ्याचा फोन आला. गोड माणूस. म्हणाला, दादा, ती पैसे सांभाळणारी कंपनी कशाला मधे घेता, ते लोक फुकट टक्का खातात. माझ्या खात्यावर सरळ पाठवा आणि माझ्यावर भरवसा ठेवा. भरवसा ठेव म्हटल्यावर सोपाननं ठेवला. एका शेळीचे पैसे आगाऊ म्हणून पाठवले. चार दिवसांनी खोकं आलं. आत लाल प्लॅस्टिकची पिपाणी होती. सोपाननं ती वाजवून पाहिली आणि आवाज जरा बारीक आहे म्हणाला.

कौसल्येनं पिपाणी त्याच्या हातातून काढून घेतली. मग तिनं त्याला समोर बसवलं. म्हणाली, पैसे कधीही विकणाऱ्याच्या हातात सरळ द्यायचे नाहीत. ते मधल्याकडे ठेवायचे. माल आला, आपण पाहिला, पसंत पडला, की मधला त्याला पैसे देतो. म्हणजे कोणी कोणाला फसवत नाही.

"हे आधी सांगायचं ना," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला निघाला. कंडक्टर तिकीट द्यायला आला. सोपाननं शेजारी बसलेल्या अनोळखी गड्याच्या हातात भाडं ठेवलं आणि सांगितलं, "पावणं, मी तालुक्याला नीट पोचलो, की हे कंडक्टरसाहेबांना द्या." गडी म्हणाला, देतो की. पुढच्याच फाट्यावर तो उतरून गेला. कंडक्टरनं सोपानलाही तिथंच उतरवलं. सोपान उन्हातून चालत घरी आला. कंडक्टरची काही चूक नाही म्हणाला, त्याला अजून फोनवरचे व्यवहार कळत नाहीत.

आता कौसल्येनं बजावून सांगितलं, की मधला म्हणजे कोणीही चालतो असं नाही. मधला भरवशाचा लागतो. चारचौघं ओळखतात, वर्षानुवर्षं ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे, जो जागा सोडून पळत नाही, असा लागतो.

"हे आधी सांगायचं ना," सोपान म्हणाला, आणि त्यानं ते पक्कं ध्यानात ठेवलं. पुढं त्यामुळंच घात झाला, पण ते मी क्रमानं सांगतो.

कौसल्येनं पापडांच्या पैशांतून भर घातली. दुसरा ट्रंपेट तिनं स्वतःच बोली लावून घेतला, पैसेही त्या कंपनीकडे ठेवले. सोपानला एवढंच सांगितलं, की फोनवर एक गुपित आकडा येईल. कोणी विचारला तरी सांगायचा नाही. साक्षात भैरोबानं विचारला तरी नाही. आणि ती पापड लाटायला गेली.

दुपारी पार्सलवाला आला. हातात लांबलचक खोकं, वर ट्रंपेटचं चित्र. घाम पुसत म्हणाला, "फोनवर आकडा आला असेल बघा. तो सांगा, की पार्सल तुमचं."

सोपान नुसता हसला. पार्सलवाल्याला वाटलं, ऐकू आलं नाही. त्यानं परत विचारलं. सोपान म्हणाला, तुम्ही पाणी घ्या, चहा घ्या, आकडा मागू नका. त्यानं चहा घेतला आणि परत विनवलं. माल तुमचा आहे, पैसे तुमचे आहेत, मी तुमच्याच दारात उभा आहे, मला त्या आकड्याचं लोणचं घालायचं नाही. सोपान म्हणाला, सगळे असंच म्हणतात. शेवटी तो बिचारा खोकं घेऊन परत निघाला. सोपान त्याला वेशीपर्यंत सोडायला गेला आणि पुन्हा या म्हणाला.

संध्याकाळी कौसल्येला हे कळलं तेव्हा ती रडली. हसून झालं, चिडून झालं, आता रडणंच उरलं होतं. म्हणाली, "अहो, जो माल हातात धरून समोर उभा राहतो, त्याला आकडा सांगायचा असतो. बिनधास्त सांगायचा असतो."

"हे आधी सांगायचं ना," सोपान म्हणाला.

माल परत गेल्यावर कंपनीनं पैसे परत केले. तिचं काम चोख होतं, खोट आपल्या माणसात होती. पण आता जत्रा तोंडावर आली. कौसल्येनं फोनचा नाद सोडला. शेजारच्या वाडीत दौलतनाना म्हणून म्हातारा ट्रंपेटवाला होता. त्याचे दात पडल्यामुळं फुंकर टिकेना, म्हणून त्याला ट्रंपेट विकायचा होता. कौसल्येनं निरोप धाडून सौदा ठरवला आणि रोख पैसे सोपानच्या हातात दिले. तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर दिलेच कसे? अहो, पाहुणे येणार, घर सारवायचं, पोळ्यांची डाळ निवडायची, ती एकटी बाई किती ठिकाणी पुरणार?

सोपान निघाला. वाटेत विचार करू लागला, तेच मुळात वाईट झालं. पैसे विकणाऱ्याच्या हातात सरळ द्यायचे नाहीत. मधला पाहिजे. चारचौघं ओळखतात असा, जागा सोडून पळत नाही असा. समोर भैरोबाचं देऊळ होतं.

सोपान तिथंच थांबला. भैरोबाला सगळी पंचक्रोशी ओळखत होती. कित्येक पिढ्या तो एकाच जागी बसून होता, पळून गेल्याची एकही तक्रार नव्हती. शिवाय लोक त्याला नवस बोलायचे, ते काम झाल्यावर फेडायचे. म्हणजे माल आधी, पैसे नंतर, ही पद्धत त्याच्या अंगवळणी पडलेली. सोपानला वाटलं, एवढा साधा माणूस मधे घ्यायचं कौसल्येला कसं सुचलं नाही. त्यानं एक एक नोट दुमडून दानपेटीत सारली. फट बारीक होती, त्याला बराच वेळ लागला. मग हात जोडून म्हणाला, "देवा, ट्रंपेट मला पसंत पडला, की दौलतनानाला पैसे सोड."

तो दौलतनानाकडे गेला आणि म्हणाला, पैसे भैरोबाकडे ठेवलेत, तुम्ही माल काढा. दौलतनाना जुन्या वळणाचा. त्यानं आयुष्यात देवाशी कधी घासाघीस केली नव्हती. त्याला वाटलं, पैसे देवाकडे गेले म्हणजे ट्रंपेट देवालाच पाहिजे. त्यानं पटका बांधला, ट्रंपेट पुसला, देवळापर्यंत स्वतः चालत आला आणि भैरोबाच्या पायाशी ठेवून लोटांगण घातलं. सोपाननंही घातलं. पैसे मधे, मालही मधे. इतका सुरक्षित व्यवहार आजवर कोणी केला नसेल, असं त्याला वाटलं.

मग त्यानं ट्रंपेट उचलायला हात पुढं केला, तेव्हा गुरवानं तो धरला. म्हणाला, पेटीत पडलं ते देवाचं, पायाशी ठेवलं तेही देवाचं. सोपाननं विचारलं, मग परत कधी मिळणार. गुरव सरळ माणूस होता. तो म्हणाला, "हे बघ सोपान, बाकीचे मधले टक्का घेतात. आमचा देव सगळंच ठेवून घेतो."

कौसल्या धावत देवस्थानच्या अध्यक्षांकडे गेली. श्रीपतराव त्यांचं नाव. ते म्हणाले, पेटीतलं काही मला काढता येत नाही. पण देवाला वाहिलेल्या वस्तूंचा जत्रेच्या सकाळी लिलाव असतो, त्यात ट्रंपेट निघेल. मी गावात सांगून ठेवतो, सोपानशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. त्यानं अकरा रुपये म्हणावं आणि ट्रंपेट घेऊन जावं. दौलतनानाही म्हणाला, मी देवाला दिला, माझं काही राहिलं नाही. कौसल्येनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. सोपानच्या खिशात तिनं अकरा रुपये घातले आणि तीन वेळा वदवून घेतलं, की काय म्हणायचं. अकरा म्हणायचं.

जत्रेची सकाळ झाली. नारळ गेले, लुगडी गेली, एक कोंबडा गेला. मग गुरवानं ट्रंपेट वर धरला आणि म्हणाला, "बोला, आकडा सांगा."

सोपाननं पाहिलं. माल हातात धरून माणूस समोर उभा आहे आणि आकडा विचारतोय. म्हणजे बिनधास्त सांगायचा.

"अकरा," तो म्हणाला.

सगळं गाव गप्प. एकाला खोकला येत होता, तो त्यानं उपरण्यात दाबला. कौसल्येनं डोळे मिटले.

गुरवानं पुकारलं, "अकरा रुपये एक वार."

सोपानचे कान टवकारले. कोणीतरी अकरा म्हणालं होतं. आणि हा बाजार नव्हता, लिलाव होता.

"पन्नास," तो म्हणाला.

गुरव गडबडला. पण देवापुढं बोललेला आकडा त्याला पुकारणं भाग होतं. "पन्नास रुपये एक वार."

"शंभर."

बायकांच्या घोळक्यातून कौसल्येनं पंजा दाखवला, थांबा म्हणून. सोपाननं पाच बोटं पाहिली आणि पाचशे म्हणाला. तिनं घाबरून दोन्ही पंजे वर केले. त्यानं हजार केले. तिनं हात जोडले. हा कुठला आकडा ते त्याला कळेना, म्हणून त्यानं दुप्पट केले. श्रीपतराव खाली मान घालून बसले होते. गुरव बिचारा हळू आवाजात पुकारू लागला, मग कुजबुजत पुकारू लागला, पण ट्रंपेटवाल्याचे कान ते, त्याला सगळं ऐकू येत होतं. गुरव पुकारायचा, सोपान चढवायचा. शेवटी गुरवानं एक वार, दोन वार, तीन वार एका दमात म्हणून टाकलं आणि तो मटकन खाली बसला. तोवर एका गाभण म्हशीचे पैसे झाले होते.

देवापुढं बोललेला आकडा मागे घेता येत नाही. पैसे फिटेपर्यंत ट्रंपेट गाभाऱ्यात राहील, असं ठरलं.

पालखी निघाली. सोपानचे सासरे नवा पटका बांधून भावकीसह बँडच्या पुढच्या रांगेत जावई शोधू लागले. मधली रांग झाली, मागची झाली. शेवटी जनरेटरच्या गाडीजवळ धुरात खुळखुळा वाजताना दिसला. सोपाननं न थांबता सांगितलं, "मामा, ट्रंपेट घेतला. भैरोबाकडे ठेवलाय. सगळं गाव जमलं होतं, पण माझ्यापुढं बोली लावायची एकाचीही छाती झाली नाही. तरी मी मागे हटलो नाही."

सासरे कौसल्येजवळ येऊन कट्ट्यावर बसले. कौसल्येनं शेळ्यांपासून म्हशीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "मी स्थळ बघायला आलो तेव्हा याचे वडील म्हणाले, सोपान, पाहुण्यांना चहा पाज. यानं कप माझ्या हातात दिलाच नाही. बशीत ओतून, फुंकर घालून, एक एक घोट स्वतः पाजला. मला वाटलं, पोरगा मायाळू आहे."

कौसल्येनं मागं वळून जनरेटरच्या गाडीकडे पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "हे आधी सांगायचं ना."